एकाच भोंग्यातून वाघ आणि नाटक

वडशापासून चिमूरपर्यंतच्या पट्ट्यात तुमचं किंवा तुमच्या सोयऱ्यांचं गाव असेल, तर माझा आवाज तुमच्या कानावरून नक्की गेलेला आहे. तोंड मात्र सहसा कोणी पाहिलेलं नसतं. आटोच्या टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर बॅटरी आणि मशीन, पुढे गळ्यात तार घालून तिला माईक अडकवलेला एक माणूस, तो मी. लोक या कामाला 'अलाउन्सिंग' म्हणतात. शब्द बरोबर नाही हे मलाही ठाऊक आहे. पण पेंटरनं आटोच्या मागे तोच लिहिला, तोच सगळ्यांना पाठ झाला, आणि आता बरोबर शब्द लिहिला तर गिऱ्हाईक ओळखणार नाही.

आमचं घर वडशाचं. वालिद सायकली दुरुस्त करत, थोरला भाऊ धानाच्या गोदामात कामाला लागला, आणि मी आवाजाच्या धंद्यात पडलो. गावोगावचे लोक मला माईकवाले चाचा म्हणतात. तरुण होतो तेव्हाही चाचाच म्हणत. बायको म्हणते, "घर में मुंह से आवाज नहीं निकलती, और बाहर दुनियाभर में चिल्लाते फिरते हो." तिचं खरं आहे. दिवसभर ओरडून आलेल्या माणसाला घरी 'मीठ दे' म्हणायचाही कंटाळा येतो.

बाहेरच्या माणसाला हा धंदा सोपा वाटतो. माईक हातात आला की कोणालाही ओरडता येतं. ऐकवणं ही निराळी गोष्ट आहे. पहिलं वाक्य वाया जाणार हे धरूनच चालायचं. बाई भांडी घासत असते, बुढा खाटेवर पडलेला असतो, त्यांचा कान वळेपर्यंत तुमचं पहिलं वाक्य पुढच्या गल्लीत गेलेलं असतं. म्हणून पहिल्या वाक्यात कामाचं काही सांगायचं नाही, नुसतं गावाचं नाव घ्यायचं. आपल्या गावाचं नाव ऐकून मान वर न करणारा माणूस मी अजून पाहिला नाही. आटो थांबवायचा तो हातपंपापाशी, पारापाशी नाही. पारावरचे पुरुष ऐकतात आणि विसरतात. हातपंपावरच्या बाया ऐकतात आणि घरोघर पोचवतात. धानाची कापणी चालू असेल तर भोंगे गावाकडे ठेवायचेच नाहीत, बांधांकडे फिरवायचे, कारण सगळं गाव तिकडे असतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चाल. नाटकाच्या जाहिरातीत आवाज वर वर चढवत न्यायचा आणि नटीच्या नावावर सोडून द्यायचा. मयताची खबर सपाट सांगायची. हरवलेल्या बैलाची खबर घाईत सांगायची, म्हणजे लोकांनाही घाई वाटते. लसीकरण, रेशन, वीजबिल या सगळ्यांची चाल एकच, कारण ती कोणी ऐकत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. एका गड्याची बायको त्याच्या दारूपायी माहेरी निघून गेली होती. जिल्ह्यात दारूबंदी, तरी याला कुठून मिळायची देव जाणे. सासरा दारात उभं करत नव्हता. तेव्हा त्यानं सासुरवाडीच्या गावात जाहीर करायला माझा आटो ठरवला: "अमुक अमुक यांनी दारू कायमची सोडली आहे हो!" स्वतः मागच्या सीटवर बॅटरीशेजारी मान खाली घालून बसला होता. बायको परत आली. पुढच्या साली तो पुन्हा आला आणि म्हणाला, "चाचा, तेच पुन्हा एकदा म्हणा लागते जी." दुसरा एक बुढा. गावच्या पोरांनी बसवलेल्या नाटकात त्याला प्रेताचं काम होतं. त्याचा हट्ट, की जाहिरातीत आपलं नाव आलंच पाहिजे. मी नाटकाच्या चालीत चढवत चढवत 'आणि प्रेताच्या भूमिकेत' म्हणून त्याचं नाव सोडलं, तेव्हा त्याची सून पदरात तोंड लपवून पळाली. बुढा मात्र दिवसभर गावात ताठ फिरला.

आमच्या नाटकांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आमच्या या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात. गावचं मंडळ वडशाच्या कंपनीला बोलावतं, कापलेल्या शेतात स्टेज बांधतात, नाटक रात्री सुरू होतं आणि उजाडायला संपतं. शहरातल्या लोकांना वाटतं ही करमणूक. करमणूक आहेच की. पण नाटकाच्या नावानं भिंती चुन्यानं रंगतात, लेकी माहेरी येतात, रुसलेले भाऊ एका चटईवर बसतात, आणि मुख्य म्हणजे सोयरिकी जुळतात. पाव्हणे नाटक पाहायला म्हणून येतात आणि मुलगी पाहून जातात. बायांच्या बाजूला मुलगी, पुरुषांच्या बाजूला मुलाचा बाप, मधे एक दोरी. बाप तोंड स्टेजकडे ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून मुलीकडे पाहतो. मुलीलाही सगळं ठाऊक असतं. पसंत नाही पडली तर 'नाटक झकास झालं' म्हणायचं आणि निघायचं, कोणाची बेइज्जती नाही. ज्या गावात नाटक लागत नाही तिथं मुलगी द्यायला लोक कां-कूं करतात. "तिथी नाटकबी होत नाई" एवढं बोललं की त्या गावाचं सगळं सांगून झालं.

नटी मात्र मुंबईचीच पाहिजे. मुंबईची नसली तरी मी तिला 'मुंबईची सुप्रसिद्ध' करतो. अशीच एक सुप्रसिद्ध बाई मला वडशाच्या बाजारात वांगी निवडताना भेटली. म्हणाली, "चाचा, मुंबई जरा हळू म्हणत जा जी. माझी सासू ऐकते." घर तिच्या पगारावर चालायचं, आणि सासू शेजाऱ्यांना सांगायची की सून नागपूरला दवाखान्यात कामाला आहे. घरात पैसा नाटकाचा चालतो, नाव चालत नाही. अशी घरं मी पुष्कळ पाहिली, आता नवल वाटत नाही.

मग वाघाचं काम आलं. वाघ इथं पूर्वीही होता, पण आता शेताच्या बांधावर, नाल्यात, रस्त्यावर दिसू लागला, आणि सूचना द्यायला वनखात्याला माझा आटो लागू लागला. मजकूर ठरलेला: "परिसरात वाघाचा वावर आहे. पहाटे व सायंकाळी एकट्याने बाहेर पडू नये." सुरुवातीला लोक दारात येऊन ऐकत. पुढे पुढे त्यांना ते पाठ झालं. मी 'पहाटे व सायंकाळी' म्हटलं की हातपंपावरच्या बाया पुढचं वाक्य माझ्याआधी पुरं करत आणि खिदळत. ऐकून सगळे घेत, थांबत कोणीच नसे. थांबून कसं चालेल? सरपण कोण आणणार, शेळ्या कोण चारणार, धानामागून बांधीत पेरलेली लाखोरीची डाळ कोण राखणार? मी सांगायचं, त्यांनी मान डोलवायची आणि जायचं. आपापलं काम जो तो करत होता.

आता त्या एका नाटकाबद्दल सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही, तिकडचे ओळखतीलच. गावाच्या तोंडाशी, रस्त्याच्या वळणावर गिरजाबाईची चहाची टपरी आहे. त्या बाजूला गेलो की माझा चहा तिथंच. तिचा नवरा सोमाजी एका हिवाळ्यात सकाळी सकाळी लाखोरी पाहायला नाल्यापलीकडे गेला तो आला नाही. तेव्हा शोधासाठी गावानं माझाच आटो बोलावला होता. "सोमाजी घरी परतलेले नाहीत, कोणाला दिसल्यास कळवावे," असं मी आसपासच्या सगळ्या गावांत ओरडत फिरलो. दुपारी तो नाल्यात सापडला. वाघानं नेला होता. पुढे कधीतरी चहा देताना गिरजाबाई म्हणाली, "चाचा, माझ्या मालकाचं नाव तुमी नाटकातल्या हिरोवानी घेत होते त्या दिशी." ती तक्रार होती की कौतुक, मला आजवर कळलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

सोमाजीला जाऊन दोन सालं झाली तेव्हाचा हा प्रसंग. त्यांची मुलगी पौर्णिमा लग्नाची झाली होती. माझ्या धंद्याला तेव्हा उतरती कळा लागली होती. मंडळवाले वडशात जाहिरात रेकॉर्ड करून घेत आणि पेनड्राइव्ह कोणाच्याही आटोला लावून फिरवत. त्यामुळे येईल ते काम मी घेत होतो. त्या गावच्या मंडळाचे अध्यक्ष नामदेवभाऊ, हे सोमाजीचे चुलतभाऊ, जुन्या वळणाचे. त्यांना माणसाच्या तोंडचीच जाहिरात पाहिजे होती. नाटकाच्या दिवशी आसपासच्या गावांत फिरायचं काम त्यांनी मला दिलं. त्याच दिवशी सकाळी वनरक्षकाचा फोन आला. नाल्याकाठी ताजे पंजे दिसले आहेत, आजच सूचना द्यायची आहे, आणि गावं तीच. एक आटो, एक तोंड, दोन कामं. मी दोन्हींना हो म्हणालो.

पहिल्या गावात जाताना नाटक सांगितलं: "हजारोंच्या संख्येनं या हो या!" येताना वाघ सांगितला: "बाहेर पडू नये." हातपंपापाशी एका बुढीनं काठी आडवी धरून आटो अडवला. "अरे बापा, एक काय थे सांग ना! येऊ का नोको येऊ?" बाजूच्या बाया हसून लोटपोट. असं तोंडघशी मी पुऱ्या धंद्यात पडलो नव्हतो.

मी आटो सरळ गिरजाबाईच्या टपरीवर आणला. नामदेवभाऊ तिथं होतेच, वनरक्षकाला बोलावून घेतलं. वनरक्षक तरुण पण समजूतदार माणूस. तो म्हणाला, "भाऊ, आजचं नाटक पुढे ढकला. गर्दी घरी जाताना काही झालं म्हणजे?"

"ढकला म्हणते!" नामदेवभाऊ भडकले. "कंपनीची तारीख पुन्हा भेटत नाई साहेब. स्टेज बांधून झालं, पाव्हणे घरून निघाले. वाघाले सांगा ना पुढे ढकलाले!"

गिरजाबाई कपात चहा ओतत होती. ती सहसा पुरुषांच्या बोलण्यात पडत नसे. त्या दिवशी किटली खाली ठेवून म्हणाली, "साहेब, वाघ काय असते थे मले नोका सांगू. पण आज पौर्णिमाले पाहाले लोक येऊन राह्यले. घरात माणूस नाई, आमच्या उंबऱ्यावर कोणी उगाच कायले येईन? नाटक आहे म्हणून येऊन राह्यले. नाटक मोडलं तं सोयरिक मोडली. मंग पुढच्या धानापर्यंत कोणी विचारत नाई, आन् तवापर्यंत लोक म्हणतीन, पोरीत काई खोट असन."

वनरक्षक टपरीच्या बाकावर टेकला. मग तिथंच सगळ्यांनी मिळून तोड काढली. लोकांनी उजेड असतानाच यायचं, रात्रभर तिथंच बसायचं आणि सूर्य चांगला वर आल्यावरच घरी निघायचं. नामदेवभाऊंना ते पटलं. मजकूर मी जोडला: "सूर्य असताना या, सूर्य आल्यावर जा." हे वाक्य माझं स्वतःचं आहे आणि मला त्याचा गर्व आहे. पेनड्राइव्हला असं सुचत नाही.

वनरक्षक गेल्यावर नामदेवभाऊ जरा घुटमळले. मग म्हणाले, "वहिनी, एक सांगू का? पाव्हण्याच्या समोर तुमी येऊ नोका. मी आन् आमच्या घरची पाहून घेतो सारं. शुभ काम आहे, तुमी समजून घ्या."

"बरं जी," गिरजाबाई म्हणाली आणि कप धुवायला बसली. नामदेवभाऊ दुष्ट माणूस नव्हे. सोमाजी गेल्यावर त्या मायलेकींना धान त्यांच्याच घरून जात होतं. विधवेनं सोयरिकीच्या वेळी पुढे येऊ नये हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं होतं, तिच्याही बसलेलं होतं. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

संध्याकाळी लोक खरंच उजेडात आले. बैलगाड्या, सायकली, ट्रॅक्टर, घोंगड्या, उशाला गाठोडी. मुलाकडचे तिघं आले: मुलगा, बाप आणि आई. आई धिप्पाड बाई, कपाळावर मोठं कुंकू, डोळे भारी तीक्ष्ण. नामदेवभाऊंनी त्यांना पुढची जागा दिली. पौर्णिमा दोरीपलीकडे चुलतीजवळ हिरवी साडी नेसून बसली होती. गिरजाबाईनं टपरीची चूल त्या दिवसापुरती स्टेजच्या मागे मांडली होती. पाव्हण्यांचा चहा तिनंच केला, पण नेऊन दिला दुसऱ्यांनी. ती पडद्याच्या फटीतून आपल्याच मुलीकडे पाहत होती, हे मी येता-जाता पाहिलं. तेव्हा मात्र मला ते वावगं वाटलं.

नाटक झालं. नाटकाबद्दल विशेष काही सांगत नाही. नायकाची हरवलेली आई शेवटी सापडली, सगळ्या बाया रडल्या, म्हणजे नाटक चांगलं झालं.

पडदा पडला तेव्हा उजाडलं होतं, पण सूर्य नव्हता. धुकं असं दाट की स्टेजवरून मागची चटई दिसेना. वनरक्षक धावत माझ्याकडे आला. नाल्याजवळच्या रस्त्यावर दूधवाल्याला वाघ दिसला होता आणि दूधवाला गाडी वळवून परत आला होता. निम्म्याहून जास्त लोकांचा घरी जायचा रस्ता तोच. "चाचा, थांबवा लोकांना," तो म्हणाला.

मी स्टेजवर चढून माईक धरला. गावाचं नाव घेतलं, आवाज लावला: "सर्व प्रेक्षकांना सूचना देण्यात येते की नाल्याजवळ वाघ..." पुढचं मला बोलावंच लागलं नाही. गर्दीतूनच कोणीतरी माझ्या चालीत म्हटलं, "बाहेर पडू नयेऽऽ!" आणि हशा पिकला. लोक चटया गुंडाळत होते. सायकलींच्या घंट्या वाजू लागल्या. मी मयताची चाल लावली, घाईची लावली, शेवटी रागावून ओरडलो. "चाचा, तुमी आता झोपा जी," एक जण जाता जाता म्हणाला. उजाडलं म्हणजे झालं असं लोकांना वाटत होतं. घरी गोठ्यात गाई वाट पाहत होत्या. आणि माझ्या आवाजाची त्यांना इतकी सवय झाली होती, की तो त्यांच्या लेखी कोंबड्याच्या बांगेसारखा झाला होता. उभी हयात ज्या आवाजावर पोट भरलं, त्याचा ऐन वेळी काडीचा उपयोग झाला नाही.

तेवढ्यात कोणीतरी माझ्या हातातून माईक घेतला. पाहतो तर गिरजाबाई. हात राखेनं माखलेले, पदर कमरेला खोचलेला. खाली नामदेवभाऊ दोन्ही हातांनी 'उतरा, उतरा' अशा खुणा करत होते. त्यांच्या शेजारी मुलाची आई चटई गुंडाळायची थांबून वर पाहत होती. गिरजाबाईनं त्यांना पाहिलं. मी तिला पाहताना पाहिलं. त्या एका क्षणात पौर्णिमाची सोयरिक तिनं डावावर लावली होती आणि तिला ते पुरतं कळत होतं.

माईक तिनं ओठांना लावला तसा भोंगा किंचाळला. लोकांनी दचकून मागे पाहिलं.

"मी गिरजा," ती म्हणाली. तिच्या बोलण्याला चाल नव्हती. "सोमाजीची बायको. त्या दिशीबी असंच उजाडलं होतं. धुकं होतं. मी म्हणलं, च्या पिऊन जा. थे म्हणे, मांडून ठेव, येऊन पितो. मी कपावर बशी झाकून ठेवली. चारदा गरम केला थो च्या." मला वाटलं आता रडणार. पण ती रडली नाही. "मी च्या मांडते साऱ्यायचा. बसा. सूर्य दिसू द्या."

एवढंच बोलून तिनं माईक माझ्या हातात दिला आणि चुलीकडे गेली.

घंट्या थांबल्या. वाटेला लागलेली एक बुढी तिथल्या तिथं मटकन खाली बसली. ती कालची काठीवाली होती. तिच्यामागे तिच्या गावचे बसले, मग स्टेजजवळचे, मग सगळेच. मी मशीन बंद केली. बाया उठून चुलीशी गेल्या, कोणी पाणी आणलं, कोणी कप धुतले. धुक्यात नुसता कपांचा आवाज येत होता. धुकं हटून ऊन चटयांवर येईपर्यंत एक माणूस हलला नाही. नंतर वनरक्षक काही लोकांना घेऊन नाल्याच्या रस्त्यावर गेला. संध्याकाळच्या सायकलींच्या चाकोऱ्या धुळीत होत्या, आणि त्यांच्यावरून पंजे गेले होते.

पण गिरजाबाईचं संकट अजून टळलेलं नव्हतं. नामदेवभाऊ मुलाच्या आईजवळ हात जोडून उभे होते. "बाई, वहिनीचं मनावर घेऊ नोका. ऐन शुभ कामाच्या वेळी असं समोर येणं... तिले मी सांगून ठेवलं होतं."

"तुमीच सांगून ठेवलं होतं व्हय?" ती बाई म्हणाली. तिचा आवाज माईकशिवायही स्टेजपर्यंत आला. "भाऊ, पोरगी तं आमी नाटक सुरू व्हायच्या आधीच पाह्यली. रातभर मी तिच्या मायलेच धुंडून राह्यली होती. माय मेली म्हणून कोणी सांगितलं नाई, आन् दिसत तं नाई कुठीच. मले वाटे, या घरात असं काय आहे बापा, का माय लपवून ठेवली? त्याच भेवानं मी होकार देत नोती."

मग ती चुलीपाशी गेली. गिरजाबाई मान वर करत नव्हती, नुसती चहा ढवळत होती. ती धिप्पाड बाई तिच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाई, एक कप मलेबी द्या. तुमच्या हातून द्या."

गिरजाबाईनं कप दिला, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही. स्टेजवर माझी काय अवस्था झाली ते लिहीत नाही. वायर गुंडाळायच्या निमित्तानं मी पाठ फिरवली.

लग्न उन्हाळ्यात झालं. माईक माझाच होता. पाव्हण्यांच्या स्वागताची नावं घ्यायच्या वेळी नामदेवभाऊ माझ्या कानाशी आले. मला वाटलं आता सरपंचाचं, मग आमदाराच्या माणसाचं नाव सांगतील. ते म्हणाले, "चाचा, वहिनीचं नाव पह्यले घ्या." मी घेतलं. चढवलं नाही, सपाट घेतलं. मांडवात गिरजाबाईनं माझ्याकडे पाहून मान हलवली. सोमाजीचं नाव मी हिरोसारखं घेतलं होतं, त्या बोलण्याचं ते उत्तर असावं असं मी समजून घेतलं.

आता वाघाची सूचनाही पेनड्राइव्हवर आली आहे. नागपूरकडच्या कोण्या बाईचा गोड आवाज आहे, उच्चार स्वच्छ. मी वनरक्षकाला म्हटलं होतं की गिरजाबाईचा आवाज भरून घ्या. त्यालाही पटलं. पण तीच नाही म्हणाली. "मले कायले जी? मी तं रोजच सांगून राह्यली."

रोज म्हणजे काय ते मागच्या हिवाळ्यात कळलं. एका मयताची खबर द्यायला सकाळी लवकर त्या बाजूला निघालो होतो. हातभर पुढचं दिसत नव्हतं. धुक्यात कुठंतरी दुसरा एक आटो फिरत होता, आणि नागपूरच्या बाई गोड आवाजात सांगत होत्या की पहाटे एकट्याने बाहेर पडू नये. सायकलवाले त्याला ओलांडून भराभर चालले होते. वळणावर मात्र सगळ्यांचे ब्रेक लागत होते. गिरजाबाई किटली घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी होती. कोणाला ती समजावत नव्हती, वाघाचं नावसुद्धा घेत नव्हती. "बसा जी. सूर्य दिसू द्या," एवढंच म्हणत होती, आणि लोक सायकली लावून मुकाट्यानं बसत होते.

मला घाई होती. मयताच्या खबरीला उशीर चालत नाही. मी आटो तिच्या बाजूनं काढायला गेलो, तशी तिनं किटलीचा हात आडवा केला.

"चाचा, तुमीबी."

मी आटो बंद केला आणि बसलो.